पेरलेली भूक

दत्ताच्या देवळात गौतमी रेळेकरचं कीर्तन उत्तररंगात आलं होतं, आणि नेमका त्याच वेळी तिच्या भावाचा तबला एक मात्रा चुकला.

श्रोत्यांपैकी कुणाच्या ध्यानात आलं नाही. पेटीवरच्या दिगंबरकाकांच्या मात्र आलं. त्यांनी चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि सूर तसाच धरून ठेवला. गौतमीने चिपळ्या वाजवता वाजवता मान वळवली. तबल्यावर भाऊ हृषीकेश डोळे मिटून बसला होता. मिरजेतल्या त्या लहानशा सभामंडपात मावू नयेत असे त्याचे खांदे. सदऱ्याची बाही दंडावर चढेना म्हणून गौतमीनेच शिवण उसवून आतून पट्टी जोडून दिली होती. नामदेव शिंपी समाजातली लेक, सुई तिच्या हातात गाण्याच्या आधी आली होती. त्या अवाढव्य देहाच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या आणि ओठांवर हसू होतं. तान्ह्या पोराला झोपेत येतं तसं.

आख्यानातला भक्त वनात एकटा देवाला हाका मारत होता. गौतमीने हाकेचा सूर चढवला, तेव्हा हृषीची बोटं डग्ग्यावरून घसरली ती परत आलीच नाहीत. तो मागे खांबाला टेकला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "आलो, आलो," असं तो पुटपुटला.

"भाव दाटला गं पोराला," पुढे बसलेली एक म्हातारी म्हणाली, आणि मंडपभर सुस्कारा फिरला.

गौतमी तबल्याशिवाय गात राहिली. वडील हयात असताना सांगायचे, की शंभर कीर्तनांत एखादं असं होतं, की ऐकणाऱ्याचं देहभान सुटतं. ते आपल्या हातचं नसतं, आपण फक्त उभं राहायचं. वडिलांच्या कीर्तनात ते कधी घडलं नाही. तिच्या घडत होतं, आणि तेही पाठीशी बसलेल्या धाकट्या भावाला.

आरती झाली. कुणीतरी हृषीच्या तळहातावर शिऱ्याचा प्रसाद ठेवला, कुणी तो त्याच्या ओठांशी नेला. त्याने खाल्ला, आणखी थोडा खाल्ला, आणि हळूहळू डोळे उघडून विचारलं, "झालं कीर्तन?"

लोक एकमेकांकडे पाहू लागले. प्रसाद पोटात गेला आणि पोरगं देहावर आलं, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. बायका वाकून त्याच्या पाया पडल्या. तो लाजून पाय मागे घेत राहिला.

*

हृषी 'पेरलेला' होता. त्या सुमाराला सांगली-मिरजेकडच्या व्यायामशाळांतली निम्मीअधिक पोरं पेरलेली होती, त्यामुळे त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

ही पेरणी येण्याच्या आधी शरीरसौष्ठवाच्या नादातली पोरं बाटलीतलं इन्सुलिन टोचून घेत. मधुमेह नसताना. स्नायू फुगतात म्हणून. टोचल्यावर खायला थोडा उशीर झाला तरी साखर तळाला जाई, आणि दोन-चार गावांतली दोन-चार पोरं व्यायाम करून आडवी झाली ती उठलीच नाहीत. मग बेंगळुरूकडच्या एका कंपनीने सुई सोडवली. मांडीतल्या स्नायूचा तुकडा घ्यायचा, त्यातल्या पेशींना प्रयोगशाळेत नवी विद्या शिकवायची, आणि त्या पुन्हा मांडीत, खांद्यात, दंडात सोडायच्या. स्नायू कामाला लागला की या पेशी मांस वाढवणारे वृद्धिघटक सोडणार आणि सोबत थोडं इन्सुलिन. स्नायू थांबला की त्याही गप्प. मनगटावर साखर सांगणारी पट्टी असे. ती घसरली की फोन कोकलत असे. खायचं, की झालं. व्यायामशाळेतल्या शेतकऱ्यांच्या पोरांनी पहिल्याच दिवशी या प्रकाराला पेरणी म्हटलं आणि कंपनीचं लांबलचक नाव कुणाच्या तोंडी राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी हृषी डबा विसरला म्हणून गौतमी व्यायामशाळेत गेली, तर दारातच चौगुले वस्ताद भेटले. जुने कुस्तीगीर, कान मोडलेले, आता आरशांनी भरलेल्या हॉलचे मालक.

"या कीर्तनकारबाई. तुमच्या भावाला देव भेटला म्हणं काल," ते म्हणाले. "त्याला सांगा, देवाला म्हणावं मांड्या थोड्या कमी पडल्यात, तेवढं बघ. 'कृष्णाकाठ श्री' तोंडावर आलीया."

"तुम्हीच सांगा वस्ताद. तुमचं ऐकतो तो."

"माझं ऐकत असता तर भात सोडल्यावर रडला नसता."

स्पर्धेच्या आधी ही पोरं भात-भाकरी-गोड सगळं तोडत, कातडी कागदासारखी पातळ व्हावी, खालचा स्नायू दोरखंडासारखा दिसावा म्हणून. हृषी आतल्या बाकावर बसून तिने आणलेल्या डब्यातली उकडलेली अंडी मोजून गिळत होता. शेजारी त्याचा जोडीदार पारिस मगदूम, समडोळीचा. गोरा, उंच, तोंडाने सतत चालू.

"आक्का, कालचं खरं काय ओ?" पारिसने विचारलं. "ह्यो म्हणतोय, सगळीकडं उजेड झाला, अंग हलकं झालं, कुणीतरी हाक मारत होतं. मी म्हणलं, आम्हाला पण न्हे की लेका. आम्ही काय पाप केलंय."

"कीर्तनाला यायला कुणी आडवलंय तुला?"

"उपाशी याला लागतंय म्हणं तुमच्यात."

ते खरं होतं. रेळेकरांच्या घरात आजोबांपासूनची रीत होती, की कीर्तनाला उभं राहणारा आणि साथीला बसणारा, दोघांनीही दुपारपासून आरतीपर्यंत अन्न घ्यायचं नाही. भरल्या पोटाने देवापुढे उभं राहू नये, एवढंच त्यामागे. स्पर्धेच्या गडबडीतही हृषीने ती रीत मोडली नव्हती, याचं गौतमीला कौतुक वाटे.

"उपास काय, आमच्या जैनाच्या घरात दिवस मावळला की पाणी सुद्धा न्हाई," पारिस म्हणाला. "पेरणी झाल्यापास्नं रात्रीच्या जेवणावरून माझी नि आईची रोज भांडणं. तुमच्याकडं आलो तर म्हातारी खूश होईल."

तो हसला, हृषी हसला. गौतमीही हसली.

*

पुढच्या कीर्तनाला मंडपात जागा पुरली नाही. त्याच्या पुढच्याला देवळाबाहेर मांडव घातला. लोक लांबून येत होते, आणि येऊन तिच्याकडे नाही, तिच्या डाव्या हाताला बसलेल्या तबलजीकडे पाहत होते. उत्तररंग सुरू झाला, की सगळ्या माना तिकडे वळत. आणि होईही तसंच. घाम, हसू, डोळ्यांतून पाणी, "आलो, आलो." मग प्रसाद, मग जाग. मनगटावरची पट्टी फोनला काय सांगत होती ते कुणाला कळायचा प्रश्नच नव्हता. मांडवात फोन बंद ठेवावेत ही विनंती पूर्वरंगाच्या आधी गौतमी स्वतः हात जोडून करत असे.

दिगंबरकाका एकदा पेटी झाकताना म्हणाले, "गौतमी, भाव येतो तो असा घड्याळ लावून येत नाही गं."

तिला राग आला. "बाबांच्या वेळी आला असता तर हेच म्हणाला असता का काका?"

काका पेटी उचलून निघून गेले. तिला नंतर त्या वाक्याची लाज वाटली, पण इतक्या निमंत्रणांच्या गर्दीत ती लाज फार टिकली नाही.

पारिस आता पुढच्या रांगेत येऊन बसत होता. त्याच्यासोबत व्यायामशाळेतले आणखी तिघे-चौघे. हृषीने त्यांना घरची रीत सांगितली होती आणि ते ती पाळत होते. मांडवात ती रुंद खांद्यांची रांग शोभून दिसे. वाईट नाद सोडून पोरं देवाच्या दारात आली, असं लोक म्हणत, आणि गौतमीलाही तसंच वाटे.

मग एका सकाळी ती आंघोळ करून स्वयंपाकघरात आली. हृषी गॅसपुढे उभा होता. बर्नर पेटलेला, वर भांडं नाही. तो त्या निळ्या ज्योतीकडे पाहून हसत होता.

"हृषी, दूध कुठंय?"

त्याने मान वळवली. डोळे तिच्यावरून फिरले आणि तिच्यापलीकडच्या भिंतीवर स्थिरावले. हसू तसंच. कपाळावर दव साचावं तसा घाम.

"आलो," तो गोड आवाजात म्हणाला. "आलो, आलो."

घरात टाळ नव्हता, चिपळी नव्हती, कुणी कुणाला हाक मारत नव्हतं. शेजारी मिक्सर चालू होता. हृषीचा फोन आदल्या रात्रीपासून बंदच होता. आणि तेच हसू, तेच शब्द. तिने गॅस बंद केला, त्याला खाली बसवलं, डब्यातला गूळ चुरून त्याच्या तोंडात घातला. त्याने आज्ञाधारकपणे चघळला. थोड्या वेळाने त्याच्या नजरेत ओळख परत आली.

"असं काय बघतीस?" तो म्हणाला. "आणि गूळ का चारलास मला? चौगुले वस्ताद मारतील."

*

डॉ. शमीम बागवान हार्मोन्सच्या डॉक्टर. गौतमीकडे ब्लाऊज शिवायला टाकत, त्यामुळे रिपोर्ट हातात घेऊन त्या बहिणीसारख्या बोलल्या.

"तुमच्या भाषेत सांगते, गौतमीताई. रक्तातली साखर म्हणजे पातेल्यातलं अन्न समजा. स्नायू पंगतीत बसलेत. त्यांना आपण होऊन घेता येत नाही, वाढपी लागतो. इन्सुलिन हा वाढपी. मेंदूला वाढपी लागत नाही, तो थेट पातेल्यातून घेतो. पण पातेल्यात उरलं असेल तरच."

"आणि ते वृद्धिघटक?"

"इन्सुलिनचा चुलतभाऊ. त्याचं मूळ काम बांधकामाचं, पण घराणं एकच. वाढपही येतं त्याला. तुमच्या भावाच्या अंगात या पेशींनी स्वतःसाठीच वृद्धिघटक वापरलाय. त्या वाढल्यात. आता स्नायूने काम करायची वाट पाहत नाहीत. दोघं वाढपी रात्रंदिवस उभे, आणि पंगत एवढी मोठी." त्यांनी हृषीच्या दंडाकडे पाहिलं. "त्यात हा दोन-दोन तास तबला बडवतो. म्हणजे व्यायामच झाला तो."

हृषी खुर्चीत अवघडून बसला होता. "पण मॅडम, उपास तर लोक हजारो वर्षं करत आलेत. मला का सोसंना?"

"चांगलं विचारलंस. माणूस उपाशी राहिला की यकृत कोठार उघडतं. साठवलेली साखर देतं, पुढे चरबीपासून मेंदूला चालेल असं दुसरं इंधन करून देतं. म्हणून तुझी आजी एकादशी करून वर धुणं धुवत होती. पण वाढपी पंगतीत उभे दिसले, की कोठाराला वाटतं जेवण चालू आहे. ते कुलूप काढत नाही. साखरही नाही आणि ते दुसरं इंधनही नाही. तू उपास करतोस तेव्हा उपाशी तुझे स्नायू नसतात. मेंदू असतो."

त्यांनी रिपोर्ट हृषीपुढे ठेवला.

"मग कीर्तनात जे होतं ते?" गौतमीने विचारलं.

"मी तिथं नव्हते. पण हसणं, रडणं, उजेड दिसणं, प्रसादाचं गोड पोटात गेल्यावर जाग येणं, हे मी रोज इथं पाहते. हे ऐका. दर खेपेला धोक्याची घंटा मंद होते. घाम, थरथर, धडधड ही घंटा आहे. सारखी वाजली की शरीर ती वाजवायचं सोडून देतं. पुढे घाम येणार नाही. नुसतं हसू येईल, आणि त्यानंतर फिट, आणि त्यानंतर मी काही करू शकणार नाही."

उपाय होता. पेरलेल्या पेशींत एक कळ ठेवलेली असते. ठरावीक गोळ्या घेतल्या की त्या मरतात. वाढलेलं मांस उतरतं. तबल्याचा हात काही महिने जड राहतो.

"आज सुरू करा," डॉ. बागवान म्हणाल्या.

*

"स्पर्धा झाली की," हृषी रिक्षात म्हणाला. घरी आल्यावरही तेच म्हणाला. गौतमीने ताट वाढलं तेव्हा त्याने ते सरकवलं.

"मांसाचं काही नाही आक्का. मांस गेलं तर जाऊ दे. पण त्या बाई म्हणतात ते मला पटत नाही."

"रिपोर्ट तुझ्यापुढं आहे."

"रिपोर्टात साखर दिसती. मला काय दिसतं ते दिसतं का?" त्याचा आवाज खाली आला. "मी पासष्ट किलोचा होतो तेव्हा कुणी मला चहा विचारत नव्हतं. शंभरचा झालो, लोक फोटो काढायला लागले, पण कुणी बोलत नव्हतं माझ्याशी. आणि तिथं, तुझ्या पाठीमागं बसल्यावर, कुणीतरी मला नावानं हाक मारतं आक्का. इतकं मायेनं कुणी कधी मारली नव्हती. तूच सांगतीस ना उभं राहून, की देहभान सुटलं की तो भेटतो? मग माझं सुटलं तर दवाखाना?"

दहा वर्षं ती हेच सांगत आली होती, आणि ते खोटं आहे असं तिला आजही वाटत नव्हतं. देव भेटतो यावर तिचा विश्वास होता. फक्त तो गॅसच्या ज्योतीत, मिक्सरच्या आवाजात, साखर तळाला गेल्यावर नेमका भेटतो, यावर तिला ठेवता येत नव्हता. ती एवढंच म्हणाली, "देवळाच्या उत्सवाच्या सांगतेचं कीर्तन आहे. दुपारी जेवून बस. रीत मी मोडली म्हणून समज. माझ्या माथी."

"बसतो," तो म्हणाला.

*

सांगतेच्या दिवशी मांडव रस्त्यापर्यंत गेला होता. 'कृष्णाकाठ श्री' दुसऱ्या दिवशी होती. हृषीचे गाल आत गेले होते, मानेवरच्या शिरा दोऱ्यांसारख्या दिसत होत्या.

"जेवलास?" चिपळ्या हातात घेता घेता तिने विचारलं.

"जेवलो."

त्याने तिच्याकडे न पाहता हातोडीने तबला ठोकून पाहिला.

पूर्वरंग नीट गेला. मध्यंतरात बुक्का लावला, हार घातले. उत्तररंगात गौतमीने आख्यान धरलं खरं, पण तिचं चित्त कथेत नव्हतं. ती घामाची वाट पाहत होती. घाम आला नाही. हातही थरथरला नाही. ठेका बांधल्यासारखा चालला होता, इतका स्वच्छ की दिगंबरकाकांनी मान डोलावली. तिला वाटलं, जेवला असेल. देवा, जेवला असेल.

तेवढ्यात तिने त्याचा चेहरा पाहिला. कपाळ कोरडं होतं, आणि ओठांवर ते हसू. हात आपोआप चालले होते. त्यांचा धनी तिथे नव्हता.

गौतमी ओळीच्या मध्यावर थांबली.

कीर्तन मध्ये थांबत नाही. श्रोत्यांना वाटलं, बाईंचाही कंठ दाटला. ती वळली आणि देवापुढे पंचामृतासाठी मांडलेल्या वाट्यांतली मधाची वाटी उचलली. अजून नैवेद्य दाखवायचा होता. पुजारी "अहो ताई, अहो," करत पुढे आले. पुढच्या रांगेतला एक गृहस्थ उठून आडवा आला.

"त्यांना हात लावू नका ताई. लागलीय समाधी. आम्ही लांबून आलोय."

"बाजूला व्हा," गौतमी म्हणाली. तिने हृषीचा जबडा धरला, आणि डॉक्टरांनी शिकवलं होतं तसा मध बोटाने गालाच्या आत चोळला. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. "हृषी. गीळ. बाळा, गीळ." काका पेटी सोडून उठले होते आणि फोन कानाला लावून अँब्युलन्सला पत्ता सांगत होते.

त्याने गिळलं. मग आणखी एकदा गिळलं. तिने साखरेची वाटी त्याच्या ओठांना लावली. किती वेळ गेला ते तिला कळलं नाही. हृषीचे डोळे तिच्यावर आले आणि तिथेच राहिले.

"का उठवलंस?" तो म्हणाला. गाल ओले झाले होते. "हाक येत होती."

त्याची नजर तिच्या खांद्यावरून पुढे गेली होती, पहिल्या रांगेवर. गौतमीने वळून पाहिलं.

पारिस मांडवाच्या खांबाला टेकून बसला होता. त्याच्या शेजारी दुसरा, त्याच्यापलीकडे तिसरा, मग चौथा. उद्याच्या स्पर्धेसाठी भात तोडलेली, रीतीप्रमाणे दुपारपासून उपाशी, दोन तास जीव लावून टाळ कुटणारी ती रुंद खांद्यांची रांग. सगळ्यांचे डोळे अर्धे मिटलेले. सगळ्यांच्या ओठांवर एकच हसू, एकाच साच्यातून काढल्यासारखं.

हृषी बघत राहिला. त्या हसण्यात कुणी नव्हतं. बडबड्या पारिसच्या तोंडावर तर ते परक्याचं वाटत होतं.

"आक्का," तो हळू म्हणाला, "मी असाच दिसत होतो?"

"हो."

त्याने खांबाला धरून उठायचा प्रयत्न केला, पडला, पुन्हा उठला. साखरेची वाटी तिच्या हातातून घेतली. गौतमीने माईक तोंडाशी ओढला. "ऐका. हा भाव नाही. ही भूक आहे. या पोरांचे मेंदू उपाशी मरताहेत. ज्यांच्याकडे गोड असेल त्यांनी घेऊन या."

मागून एका भारावलेल्या आवाजाने जयजयकार केला. कीर्तनात अशीच वाक्यं असतात. जीव भुकेला आहे, गोड फक्त नाम आहे, हे त्यांनी किती वेळा ऐकलं होतं. टाळ्यांनी ठेका धरला. नामाचा गजर उठला आणि मांडवाच्या कडेपर्यंत पसरला. तिचा आवाज त्यात बुडाला.

तिने माईक टाकला आणि खाली उतरली. हृषी दुसऱ्या पोराच्या गालात साखर चोळत होता, स्वतःचेच हात धड हालत नसताना. त्या पोराने गिळलं. तिसऱ्याने खोकून गिळलं, चौथ्यानेही. भाऊ-बहीण दोघे पारिसपाशी पोहोचले. हृषीने त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"पारिस. ए लेका. तोंड उघड. बोल की काहीतरी, रोज गप्प बसत न्हाईस."

गौतमीने मधाचं बोट आत फिरवलं. मध जिभेवर होता तसाच राहिला. अँब्युलन्सचा भोंगा रस्त्यावर कुठेतरी गर्दीत अडकून ओरडत होता. गजर द्रुत लयीत गेला. बायका ओळीने पुढे येत होत्या, आणि हृषी हात आडवे करून "नको, नको" म्हणत असताना एकीने वाकून पारिसच्या पायांवर डोकं टेकलं, दुसरीने त्याच्या कपाळाला बुक्का लावला, आणि तिसरीने त्याच्यापुढे नारळ ठेवला.